तुरटी, किडे आणि उमरावांचे कपडे

सन १५३० च्या जून महिन्यात दक्षिण जर्मनीतील ऑग्सबुर्ग शहरात मोठी धामधूम होती. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पाचवा चार्ल्स बऱ्याच वर्षांनी जर्मन मुलखात येत होता आणि त्याच्या उपस्थितीत तेथे साम्राज्यसभा भरणार होती. या प्रसंगासाठी मॅथेउस श्वार्त्स नावाच्या ३३ वर्षांच्या एका गृहस्थाने लाल आणि पिवळ्या रंगांचा रेशमी पोशाख शिवून घेतला. एवढ्यावर न थांबता त्याने तो पोशाख ल्यालेले आपले चित्रही चित्रकाराकडून काढून घेतले.

हा श्वार्त्स कोणी सरदार किंवा उमराव नव्हता. तो फुग्गर या सावकारी पेढीचा मुख्य हिशेबनीस होता. १५१९ मध्ये चार्ल्सला सम्राटपदी निवडून आणण्यासाठी सुमारे साडेआठ लाख गुल्डन खर्ची पडले होते आणि त्यांपैकी सुमारे ५ लाख ४३ हजार एकट्या फुग्गरांनी कर्जाऊ दिले होते. अशा पेढीच्या वह्या सांभाळणाऱ्या या माणसाने १५२० ते १५६० या ४० वर्षांत आपल्या पोशाखांचाही जणू हिशेब ठेवला. बालपणापासून म्हातारपणापर्यंतची १३७ चित्रे त्याने काढून घेतली. १५२६ मधील दोन चित्रांत तर तो पुढून व मागून चक्क उघडा आहे आणि आपण लठ्ठ झाल्याची नोंद त्याने स्वतःच केली आहे. ही चित्रवही आज जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील संग्रहालयात आहे.

आता गंमत पाहा. ज्या साम्राज्यसभेसाठी श्वार्त्सने हा थाट केला, त्याच सभेने त्याच वर्षी नोव्हेंबरात एक फर्मान काढले. शेतकरी, कारागीर, व्यापारी, सरदार, राजे अशा प्रत्येक वर्गाने आपापल्या पायरीला शोभेल असेच कपडे वापरावेत, म्हणजे पाहताक्षणी माणसाचा वर्ग ओळखू येईल, असा त्याचा आशय होता. हे फर्मान १५४८ मध्ये आणि पुन्हा १५७७ मध्ये नव्याने काढावे लागले. जो कायदा पुन्हा पुन्हा काढावा लागतो तो पाळला जात नसतो, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

कायद्याला हे का जमले नाही? याचे उत्तर सामान्यतः माणसाच्या हौसेत किंवा अहंकारात शोधले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आम्हाला वाटते, उत्तराचा मोठा भाग खुद्द कापडात, म्हणजे त्यावर चढलेल्या रंगात आहे. रंग हा पदार्थ आहे. तो कुठून तरी आणावा लागतो, कशाने तरी पक्का करावा लागतो आणि त्यासाठी कोणाला तरी राबावे लागते. या साखळीतील एखादी कडी बदलली की रंगाची किंमत बदलते आणि किमतीबरोबर त्याचा मानही बदलतो. प्रबोधनकालीन युरोपात नेमके हेच घडत होते.

कपडा म्हणजे दाखला

त्या काळी कपडा हा माणसाच्या दर्जाचा दाखला होता. फ्लॉरेन्समध्ये १३४३ च्या सुमारास स्त्रियांच्या कपड्यांवर निर्बंध घालण्यात आले. मनाई झालेला कपडा ज्यांच्याकडे आधीपासून होता, त्यांनी तो सरकारी लेखनिकाकडे नोंदवून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागे. कपड्याचा रंग, नक्षी, अस्तर यांच्या बारीक तपशिलासह झालेल्या या नोंदी आज इतिहासकारांना फार उपयोगी पडतात. व्हेनिसने सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अशा उधळपट्टीवर देखरेख ठेवणारे कायमचे अधिकारीच नेमले. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या १५७४ च्या जाहीरनाम्यानुसार जांभळे रेशीम वापरण्याची मुभा राजघराणे आणि अगदी वरच्या पायरीवरचे उमराव यांनाच होती. इंग्लंडमधील हे सारे कायदे १६०४ मध्ये रद्द झाले.

या कायद्यांत कापडाच्या जातीबरोबर रंगाचा उल्लेख वारंवार येतो. कारण सोपे आहे. जर किंवा मखमल ओळखायला जवळ जावे लागते, रंग मात्र रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो. आणि सगळ्या रंगांत मानाचा होता तो लाल, त्यातही किरमिजी.

किरमिजी : शब्द आणि किडा

किरमिजी हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. अरबीत ‘किर्मिझ’ हे एका किड्याचे नाव आहे आणि या शब्दाचे नाते संस्कृतमधील ‘कृमि’ या शब्दाशी लावले जाते. इंग्रजीतील क्रिम्झन आणि कार्माइन हे रंगवाचक शब्दही याच कुळातले. म्हणजे किरमिजी रंगाच्या नावातच त्याचा उगम सांगितलेला आहे.

हा किडा भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात ओकच्या एका खुरट्या, काटेरी जातीवर वाढतो. त्याची मादी झाडाला घट्ट चिकटून राहते आणि फुगून वाटाण्यासारखी गोल होते. अंडी घातलेल्या माद्या नखांनी खरवडून गोळा करायच्या, मारून वाळवायच्या आणि त्यांपासून रंग काढायचा. वाळल्यावर त्या धान्याच्या दाण्यासारख्या दिसत, म्हणून युरोपातील व्यापारी या मालाला ‘दाणा’च म्हणत. यातील रंगद्रव्य म्हणजे कर्मेसिक आम्ल. वाळलेल्या किड्याच्या वजनात ते जेमतेम शेकडा एकाच्या आसपास भरते. एका झग्याचे कापड रंगवायला किती दाणे वेचावे लागत असतील, याची कल्पना यावरून येईल. उत्तम प्रतीच्या लोकरी कापडात रंगाची किंमत न रंगवलेल्या कापडाच्या किमतीच्या तोडीस जाई.

या रंगाला धर्माचाही आधार मिळाला. प्राचीन काळापासून सम्राटांचा मानला गेलेला जांभळा रंग समुद्रातील शंखांपासून काढीत. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर तो मिळेनासा झाला. तेव्हा १४६४ मध्ये पोप दुसरा पॉल याने कार्डिनलांचे झगे किरमिजी किड्याच्या रंगात रंगवावेत असे ठरवले. कार्डिनलांचा आपल्या परिचयाचा लाल झगा हा अशा प्रकारे एका टंचाईतून पुढे आला.

तुरटीचे राजकारण

नुसते रंगाचे पाणी करून त्यात कापड बुडवले तर रंग चढतो, पण धुण्यात निघून जातो. तो पक्का करण्यासाठी कापड आधी तुरटीच्या पाण्यात उकळावे लागते. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियम यांचे दुहेरी सल्फेट. लोकर आणि रेशीम ही प्रथिने आहेत. तुरटीतील अॅल्युमिनियमचा आयन एका बाजूने प्रथिनातील कार्बॉक्सिल गटांना धरतो आणि दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याच्या रेणूतील ऑक्सिजनला. असा पूल बांधला गेला की रंग पाण्यात न विरघळणारा होतो आणि धाग्यात अडकून बसतो. म्हणून अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. जिओव्हान्व्हेंतुरा रोसेत्ती याने १५४८ मध्ये व्हेनिसला छापलेल्या रंगाऱ्यांच्या पुस्तकात तुरटीचा उल्लेख जागोजाग येतो.

तुरटीत थोडे जरी लोह मिसळलेले असले तरी लाल रंग मळकट होतो. त्यामुळे शुद्ध तुरटीला मोठी मागणी होती. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती मुख्यतः आशिया मायनरमधील फोकाया येथील खाणींतून येई. या खाणी जिनोआच्या व्यापाऱ्यांकडे होत्या. १४५५ मध्ये त्या तुर्कांच्या हाती गेल्या. ख्रिस्ती जगाला रंगाच्या कामी वर्षाकाठी तीन लाखांहून अधिक डुकाट तुर्कांच्या पदरात टाकावे लागतात, अशी तक्रार पोप दुसरा पायस याच्या आठवणींत नोंदलेली आहे.

या अडचणीतून वाट निघाली ती निरीक्षणामुळे. जिओव्हानी दा कास्त्रो हा पूर्वी कॉन्स्टँटिनोपलमध्ये कापड रंगवण्याचा धंदा करीत असे. १४६१ च्या सुमारास रोमच्या वायव्येस तोल्फा येथील डोंगरांत फिरताना त्याला काटेरी पानांचे एक झुडूप दिसले. तेच झुडूप त्याने आशियातील तुरटीच्या डोंगरांवर पाहिले होते. त्याने तेथील पांढरे दगड तपासले. ते चवीला खारट लागले. भाजून पाहिल्यावर त्यांतून तुरटी निघाली. वनस्पतीवरून जमिनीतील खनिज ओळखण्याचे इतके जुने आणि इतके फायद्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढचा इतिहास मात्र विज्ञानाचा नाही. तोल्फाची तुरटी पोपच्या मालकीची झाली. तिचे उत्पन्न तुर्कांविरुद्धच्या धर्मयुद्धासाठी आहे असे जाहीर झाले आणि तुर्कांची तुरटी विकत घेणाऱ्यास धर्मबहिष्काराची धमकी देण्यात आली. १४६६ मध्ये तिच्या विक्रीचा मक्ता फ्लॉरेन्सच्या मेदिची पेढीकडे आला. थोड्याच वर्षांत फ्लॉरेन्सच्या ताब्यातील व्होल्तेरा शहराजवळ तुरटी सापडली. तिच्या मालकीवरून तंटा पेटला आणि १४७२ मध्ये फ्लॉरेन्सच्या फौजेने व्होल्तेरा लुटले. आपण ज्या लोरेन्झो मेदिचीला कलांचा आश्रयदाता म्हणून ओळखतो, त्याच्या कारकिर्दीतील ही घटना आहे.

रंग चढवणाऱ्या हातांचीही कथा फ्लॉरेन्समध्येच घडली. लोकर पिंजणारे, धुणारे, रंगवणारे कामगार शहराच्या श्रीमंतीचा पाया होते, पण त्यांना स्वतःची श्रेणी, म्हणजे व्यावसायिक संघ स्थापन करण्याचा हक्क नव्हता. १३७८ मध्ये त्यांनी बंड केले. इतिहासात ते चिओम्पींचे बंड म्हणून प्रसिद्ध आहे. रंगारी, अंगरखे शिवणारे आणि मजूर अशा तीन नव्या श्रेणी स्थापन झाल्या. मजुरांची श्रेणी त्याच वर्षी मोडून काढली गेली आणि उरलेल्या दोन १३८२ मध्ये बरखास्त झाल्या.

काळ्या रंगाची चलती

ज्यांच्याकडे पैसा होता, पण लाल रंगाचा अधिकार नव्हता, त्या व्यापाऱ्यांनी काय करावे? त्यांतील अनेकांनी काळा रंग उचलला. काळा हा वरवर पाहता साधेपणाचा, संन्याशांचा रंग. त्याला मनाई कोण करणार? निर्बंधांमुळेच श्रीमंत व्यापारी काळ्याकडे वळले, असे मत रंगांचा इतिहास लिहिणारे फ्रेंच अभ्यासक मिशेल पास्तुरो यांनी मांडले आहे. १४१९ मध्ये वडिलांचा खून झाल्यानंतर बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने काळे कपडे घालण्यास सुरुवात केली आणि युरोपातील सर्वांत श्रीमंत दरबारात हा रंग रुजला. कास्तिल्योने याने १५२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दरबारी माणसाच्या वागणुकीवरील ग्रंथात पोशाखासाठी काळ्यालाच पसंती दिली आहे. पुढे स्पेनच्या राजदरबारातून हा रंग सर्वत्र गेला. म्हणजे कायद्याची पायरी चुकवण्यासाठी घेतलेला रंग राजांच्या अंगावर चढला.

पण हा काळा दिसायला साधा असला तरी करायला सोपा नव्हता. ओकच्या झाडावर कीटकांमुळे होणाऱ्या गाठी, म्हणजे आपल्या ओळखीचे मायफळ, यांत टॅनिन भरपूर असते. त्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळले की हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने काळे संयुग तयार होते. गडद काळा हवा असेल तर कापड आधी निळे रंगवून मग त्यावर ही क्रिया करीत. यातील लोह आणि आम्ल मिळून धाग्याची हळूहळू झीज करतात. कित्येक जुने काळे कापड आज हात लावताच चुरा होते. पुराव्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. संग्रहालयात काय टिकले यावरून लोक काय वापरीत होते असा निष्कर्ष काढला, तर त्या काळात काळे कपडे फार कमी होते असे वाटेल. व्यक्तिचित्रे नेमके उलटे सांगतात. म्हणून इतिहासकाराला चित्र, हिशेबवही, कायदा आणि धागा हे चारही साक्षीदार तपासावे लागतात.

समुद्रापलीकडचा किडा

१५२१ मध्ये स्पेनने मेक्सिको जिंकले आणि रंगांच्या बाजारात उलथापालथ झाली. तेथील लोक फड्या निवडुंगावर एक किडा कित्येक पिढ्या काळजीपूर्वक वाढवीत होते. हा कोचिनियल. त्यातील कार्मिनिक आम्ल म्हणजे युरोपीय किड्यातील कर्मेसिक आम्लालाच ग्लुकोजचा रेणू जोडलेला असतो. वाळलेल्या कोचिनियलमध्ये याचे प्रमाण शेकडा वीसच्या आसपास असते. एका किलोसाठी सुमारे दीड लाख किडे लागत, तरीही युरोपीय दाण्याच्या तुलनेत थोड्या मालात कितीतरी अधिक रंग मिळू लागला. मेक्सिकोहून निघणाऱ्या मालात किमतीच्या दृष्टीने चांदीच्या खालोखाल कोचिनियलचा क्रमांक लागू लागला. ते बी आहे की प्राणी याविषयी युरोपात दीर्घ काळ वाद होता. लेवेनहूकसारख्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच त्याचा उलगडा झाला.

आता या कथेतील आम्हाला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट. मेक्सिकोतील त्लाश्काला या गावाच्या पंचांनी १५५३ मध्ये भरवलेल्या सभेचे इतिवृत्त तेथील नाहुआत्ल भाषेत उपलब्ध आहे. गावचे सरदार त्यात तक्रार करतात की, जो तो कोचिनियलच्या मागे लागला आहे, मक्याची शेते ओस पडत आहेत आणि हाती पैसा आल्यामुळे सामान्य माणसे भारी कपडे घालून वरिष्ठांना जुमानीनाशी झाली आहेत. उपाय म्हणून निवडुंगाच्या लागवडीवर मर्यादा घालावी असे ठरले. ऑग्सबुर्गच्या फर्मानापासून ही सभा २३ वर्षे आणि एक महासागर दूर आहे. तक्रार मात्र तीच.

निळ्या रंगाचे असेच झाले. युरोपात तो वोड नावाच्या झुडपाच्या पानांपासून काढीत. जर्मनीतील एरफुर्ट आणि फ्रान्समधील तुलूझ ही शहरे त्यावर गब्बर झाली होती. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि पुढे भारतातील नीळ जहाजांतून जाऊ लागली. दोन्हींतील रंगद्रव्य एकच, पण निळीत ते कितीतरी जास्त. आपली शेती बुडेल या भीतीने वोडवाल्यांनी आरडाओरडा केला आणि ज्या १५७७ च्या फर्मानात पोशाखाचे नियम पुन्हा सांगितले होते, त्याच फर्मानात निळीला सैतानी, कापड खाणारा रंग ठरवून बंदी घातली गेली. फ्रान्समध्ये १६०९ मध्ये चौथ्या हेन्रीने तशीच बंदी केली. नीळ कापड खात नाही. तिने खाल्ला तो वोडचा धंदा. अखेर दोन्ही देशांत नीळच टिकली.

आणि आपला हिशेबनीस श्वार्त्स? ज्या सम्राटाच्या सभेने पायरीनुसार कपडे घालण्याचे फर्मान काढले, त्याच पाचव्या चार्ल्सने १५४१ मध्ये त्याला उमरावपद दिले. जर्मन भाषेत त्याच्या आडनावाचा अर्थ ‘काळा’ असा होतो.

वर्गात करून पाहण्याजोगे

हा इतिहास विद्यार्थ्यांना हाताने अनुभवता येतो. पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्याच्या प्रत्येकी १० ग्रॅमच्या दोन गुंड्या घ्या. दोरा खऱ्या लोकरीचा आहे ना, हे त्याचे टोक जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. वितळून गोळी झाली तर कृत्रिम धागा. एक गुंडी पाण्यात दीड ग्रॅम तुरटी विरघळवून त्यात पाऊण तास मंद आचेवर ठेवा, दुसरी तेवढाच वेळ साध्या गरम पाण्यात. मग काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या मंजिष्ठेची १० ग्रॅम पूड पाण्यात घेऊन त्यात दोन्ही गुंड्या तासभर गरम करा, पण पाणी उकळू देऊ नका. शेवटी दोन्ही साबणाने धुवा. तुरटीने काय केले ते न सांगताच कळेल. मंजिष्ठा ही युरोपातील सामान्य लोकांच्या लाल रंगाची, म्हणजे मॅडर या वनस्पतीची, जवळची नातेवाईक आहे. हिरड्याच्या काढ्यात चिमूटभर हिराकस टाकले की काळा रंगही समोर उभा राहील. भांडी स्वयंपाकाची घेऊ नयेत आणि हातमोजे वापरावेत.

त्यानंतर इतिहासाच्या पुस्तकातील एखाद्या उमरावाचे किंवा व्यापाऱ्याचे चित्र मुलांसमोर ठेवावे आणि त्यांना तीन प्रश्न विचारावेत. या कपड्याचा रंग कोणत्या पदार्थाचा असेल? तो पदार्थ कोठून आला असेल? आणि तो चढवण्यासाठी कोणकोण राबले असेल? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात किडे वेचणाऱ्या बायाबापड्या, तुरटीच्या खाणीतले मजूर, फ्लॉरेन्सचे रंगारी आणि त्लाश्कालाचे शेतकरी यावेत. यांपैकी कोणीही त्या चित्रात नसते, म्हणून या प्रश्नाला थोडा जास्त वेळ द्यावा.